खानदेशचा हिवाळा

जळगाव आणि धुळे ही नावे उच्चारली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उन्हाळाच उभा राहतो. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि माठातील पाणीसुद्धा कोमट लागते. त्यामुळे खानदेश म्हणजे ऊन, अशी परमुलखातील लोकांची समजूत होऊन बसली आहे. ही समजूत खोटी नाही; पण ती अर्धीच खरी आहे. याच प्रदेशात मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि धुळ्यास तर एखाद्या वर्षी तो ५-६ अंशांपर्यंतही जातो. उन्हाळ्यात तापून निघालेली हीच माणसे त्या वेळी घोंगडी पांघरून शेकोटीभोवती बसलेली दिसतात.

गोष्टींच्या पुस्तकांत तुम्ही थंड देशांतील हिवाळ्याची चित्रे पाहिली असतील. छपरांवर, झाडांवर, कुंपणांवर पांढरेशुभ्र बर्फ साचलेले. घरातील माणसे विस्तवापुढे बसलेली. बाहेरची सारी कामे थांबलेली. आपल्याकडे असे बर्फ पडत नाही. तथापि सातपुड्याच्या उंच भागात, अक्कलकुवा तालुक्यातील डाबसारख्या गावी, फार कडक थंडीच्या दिवसांत गवतावरचे दवबिंदू गोठून त्यांची पांढरी साय झालेली लोकांनी पाहिली आहे. सपाटीवरील गावांना बर्फ भेटते ते गारांच्या रूपाने, आणि ती भेट कोणालाच नको असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत गारपीट झाली, तेव्हा उभ्या पिकांवर गारांचा खच पडून शेते पांढरी दिसू लागली होती. मुलांना त्याची मौज वाटली असेल. पण ज्याचे पीक त्या पांढऱ्या चादरीखाली झोपले, त्याला ती कशी दिसली असेल?

खानदेशात इतकी थंडी येते तरी कोठून? नकाशा उघडून पाहा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, आणि या दोहोंमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असे हे लांबट खोरे आहे. समुद्र येथून दूर. त्यामुळे हवा कोरडी. हिवाळ्यात आकाशही निरभ्र असते. दिवसा जमिनीने घेतलेली ऊब रात्री ढगांचे पांघरूण नसल्याने भराभर वर निघून जाते, आणि जड झालेली थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचून राहते. त्यातच हिमालयावर मोठा हिमवर्षाव झाला, की मागोमाग उत्तरेचे कोरडे, बोचरे वारे सुटतात आणि दोन-चार दिवसांत आपल्यापर्यंत येऊन पोचतात. म्हणजे बर्फ पडते तिकडे, हुडहुडी भरते ती इकडे!

पण थंड देशांच्या हिवाळ्यात आणि आपल्या हिवाळ्यात आणखी एक मोठा भेद आहे. तिकडे बर्फाखाली शेते निजतात. खानदेशातील शेतकऱ्याच्या घरी मात्र वर्षातील सर्वांत अधिक धावपळीचे दिवस हेच. सणसमारंभही याच दिवसांत येतात, आणि कामाच्या गर्दीतून वाट काढीत येतात.

आता आपण दोन घरे डोळ्यांपुढे आणू. ती कोणा एका माणसाची म्हणून नव्हेत. अशी घरे या भागात गावोगाव आहेत. पहिले घर जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, तापी आणि सातपुडा यांच्यामध्ये. घरात आजोबा, आजी, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. शेतात केळीची बाग, काही बिघे कापूस, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात घरापुरती भरताची वांगी. दुसरे घर धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी. आजोबांची लेक, म्हणजे या मुलांची आत्या, तेथे दिली आहे. तिच्याकडे गहू आणि हरभरा. ही दोन्ही घरे एकाच खानदेशातील. १९०६ साली इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांनाच पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. जिल्हे वेगळे झाले म्हणून लेकीबाळींची ये-जा थोडीच थांबते!

यावलकडच्या घरात पहाट फार लवकर होते. आजी सर्वांच्या आधी उठते आणि अंगणात शेकोटी पेटवते. चुलीवर पाणी तापत असते, त्याच्या धुरात आणि शेकोटीच्या धुरात अंगण हरवून जाते. आजीच्या बोलीत ‘ळ’ या अक्षराचा ‘य’ होतो; त्यामुळे ती काळ्याला ‘काया’ म्हणते आणि हिवाळ्याला ‘हिवाया’. शहरातून आलेले पाहुणे या उच्चाराला हसतात. हसोत बापडे! ज्या बोलीत आईने अंगाई म्हटली, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आठ वाजेपर्यंत भाकरी थापून, डबे बांधून दोघी सुना वेचणीला निघतात. कापूस वेचण्याची वेळ साधावी लागते. फार लवकर गेले तर बोंडांवर दहिवर असते, आणि ओला कापूस साठवला की त्याला डाग पडतात. फार उशीर केला तर उन्हाने पाने कुरकुरीत होतात आणि त्यांचा चुरा कापसात मिसळतो. दहिवर उडून गेलेले आहे पण ऊन चढलेले नाही, हा मधला काळ उत्तम. कमरेला फडक्याची ओटी बांधून बायका ओळीने पुढे सरकतात. दोन्ही हातांनी बोंडातील कापूस असा उचलायचा, की खालची वाळकी पाकळी त्याबरोबर येऊ नये. त्या पाकळ्यांची टोके सुईसारखी असतात. थंडीने आधीच फुटलेल्या बोटांना ती लागली की जी कळ येते, ती वेचणाऱ्यालाच ठाऊक.

शाळेत मुख्याध्यापक असताना कार्तिक-मार्गशीर्षाचे हजेरीपुस्तक पाहून मी तालुक्यातील वेचणी कोठवर आली ते सांगू शकत असे. मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा अधिक असत. वेचणाऱ्या हातांची वाण पडली की पहिली हाक घरच्या मुलीलाच जाते. शाळा बुडवून वेचणीला जाणे मला कधीच पसंत पडले नाही, आणि आजही पडत नाही. मात्र रविवारी आईच्या जोडीने चार ओळी वेचून आलेली मुलगी कापसाविषयी जे सांगे, ते माझ्या पुस्तकात नसे, हेही तितकेच खरे.

असेच शेतात राबता राबता एका बाईने मराठी भाषेला मोठे धन दिले. बहिणाबाई चौधरी त्यांचे नाव. जळगावजवळच्या असोदा या गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला आणि लहान वयातच लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना गाणी त्यांच्या ओठांवर येत, आणि घरातील कोणी तरी ती टिपून ठेवी. ३ डिसेंबर १९५१ रोजी, अशाच हिवाळ्याच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या बाईने पाटी हाती धरली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज हजारो मुले पदव्या घेऊन बाहेर पडतात.

वेचणी ऐन भरात असतानाच चंपाषष्ठी येते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा हा दिवस खंडोबाचा. पुष्कळ घरांतून चातुर्मासात वांगे वर्ज्य करतात. चंपाषष्ठीला देवाला भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य दाखवून मगच ते पुन्हा खाऊ लागतात. परंतु खानदेशात भरीत एका दिवसाने संपत नाही, तेथून त्याचे दिवस सुरू होतात! पुढे दोन महिने ज्याच्या त्याच्या शेतात भरताचे बेत होत राहतात.

भरताची वांगी निराळी असतात. ती जांभळी नसून फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेषा असलेली, लांबोडकी आणि चांगली मोठी असतात. त्यांत बिया थोड्या आणि गर पुष्कळ. यावल तालुक्यातील बामणोद हे गाव या वांग्यांसाठी नावाजलेले आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एखादी वस्तू विशिष्ट भागातच आपल्या खऱ्या गुणाने निपजते, अशी ही कायद्याने दिलेली ओळख होय. थंडी पडू लागली की या वांग्यांना खरी चव येते, असे जाणकार सांगतात.

आमच्या या घरी बेत ठरतो तो रविवारी, मुलांच्या सुट्टीचा दिवस धरून. त्या दिवशीही सकाळची वेचणी चुकत नाही. दुपार कलली की काका विहिरीजवळ वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्यांचा, ढीग रचतात. भरीत भाजायला पऱ्हाट्याच हव्यात. लाकडाचा जाळ रेंगाळतो आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला धुराचा वास लागत नाही. पऱ्हाट्या भडकन् पेटतात, कडक आच देतात आणि वांग्याची साल करपून काळी होते. आतला गर मात्र वाफेवर लोण्यासारखा शिजतो. पण वांगी वेळच्या वेळी फिरवायला हवीत. हे काम काकांचे. त्यांचा चेहरा तांबडा होतो, डोळ्यांतून पाणी वाहते; तरी काठी ते दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

“भाऊजी, पुरे आता, राख व्हायची!” मुलांची आई दुरून सांगते.

“वहिनी, घरात तुमचे चालते, जाळाजवळ माझे,” असे काकांचे ठरलेले उत्तर.

भाजलेली वांगी सोलण्याला सारी मुले बसतात. हात पाण्यात बुडवायचा, साल ओढायची, चटका बसला की बोटे पुन्हा पाण्यात. सोललेला गर लाकडाच्या खोलगट पात्रात घालून आजोबा तो ठेचतात. तिकडे आजीने हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून वाटलेली असते. मोठ्या कढईत तेल तापवून त्यात शेंगदाणे, हा ठेचा, चिरलेली कांद्याची पात आणि शेवटी वांग्याचा गर घालतात. वरून मूठ मूठ कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. ताटे लागत नाहीत. बागेतून केळीची पाने कापून आणली, की जमिनीवर पंगत बसते.

वेचणीला येणाऱ्या मजूर बायका आणि त्यांची मुलेही या पंगतीला असतात. आजोबांचा तसा दंडकच आहे. शेजारचा शेतकरी सहज बांधावरून डोकावला तर त्याला हात धरून बसवतात, आणि तोही ‘नुकताच जेवलो’ असे म्हणत तीन भाकरी संपवतो.

षष्ठीनंतर नऊ दिवसांनी दत्तजयंती येते. त्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्ताची मोठी यात्रा भरते. गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. या यात्रेतील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध असून निरनिराळ्या प्रांतांतून घोडे तेथे येतात. आमच्या घरातील धाकट्या मुलाला दरवर्षी तेथे जाण्याचे वचन मिळते, आणि दरवर्षी वेचणीमुळे ते पुढल्या वर्षावर जाते. आत्याच्या घरची मुले मात्र जाऊन येतात, आणि पुढे महिनाभर घोड्यांखेरीज दुसरे काही बोलत नाहीत.

त्या आत्याच्या घराकडे आता वळू. पांझरेच्या खोऱ्यात शेतीला पाणी देण्याची एक जुनी रीत आहे. तिला फड पद्धती म्हणतात. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी पाटाने शेतांकडे नेलेले असते. भिजणारी सारी जमीन काही फडांत वाटलेली असते आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, असा गावाचा नियम. पाणी कोणी, केव्हा, किती घ्यायचे ते पाटकरी ठरवतो. राखण जागल्या करतो. आणि त्यांचा मोबदला सर्व शेतकरी मिळून देतात. सरकारी कचेरीचा शिक्का नसताना ही व्यवस्था काही शतके चालली. पुढे विहिरी वाढल्या, नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, आणि आज बऱ्याच गावांतून ती खिळखिळी झाली आहे. मला स्वतःला तिचे फार कौतुक वाटते. कारण आपल्या बांधापलीकडे पाहिल्यावाचून तीत कोणाचे पानच हालत नसे.

आत्याच्या फडात गहू आहे. गव्हाला थंडी जितकी अधिक दिवस मिळेल तितके बरे. थंडीत त्याला फुटवे चांगले येतात, आणि पुढे दाणा भरतानाही हवा गार राहिली तर तो टपोरा होतो. उन्हाळा लवकर सुरू झाला तर दाणा चिमतो. हरभऱ्याचेही तसेच. थंडीच्या रात्री हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट ओलावा धरतो, त्याला आंब म्हणतात. आत्याच्या सासूबाई रात्री शेतात स्वच्छ फडके पसरून ठेवतात आणि सकाळी ते पिळून ती आंब बाटलीत भरतात. पोटदुखीवर तिच्याइतके रामबाण औषध नाही, असा त्यांचा विश्वास आहे.

इकडे केळीचे सगळेच उलट! केळ हे उष्ण प्रदेशातील झाड. पारा १० अंशांच्या खाली गेला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. पोगा, म्हणजे मधले गुंडाळलेले कोवळे पान, लवकर उलगडत नाही. पाने पिवळी पडतात. आणि तयार फळांच्या सालीवर काळसर झाक येते. सर्वांत मोठे भय निसवणाऱ्या झाडांचे. निसवणे म्हणजे केळफूल बाहेर पडणे. पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या बागेस मृगबाग म्हणतात. तिच्यातील काही झाडे ऐन थंडीत निसवू लागतात. त्या वेळी गारठा वाढला तर घड खोडातच अडकतो, धड बाहेर येत नाही, आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत वाया जाते. रावेर, सावदा येथून रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जाणारी ही केळी उत्तरेच्या थंड मुलखात आवडीने खातात. पण त्या मुलखातील वारा मात्र तिला सोसत नाही.

त्यामुळे पौषात रात्री फोन वाजला, की दोन्ही घरांत एकच विषय निघतो. आणि तो एकाच सुरात निघत नाही.

“दादा, आमच्याकडे काय सुरेख थंडी पडली आहे! गहू नुसता टरारला आहे,” आत्या सांगते.

“तुझ्या गव्हाला लागेल तेवढी ठेवून घे, बाई,” मुलांचे वडील म्हणतात, “उरलेली सातपुड्यापलीकडे परत पाठव. इकडे पाठवू नकोस.”

दोघेही हसतात. फोन ठेवल्यावर मात्र वडील उठून ओट्यावर जातात आणि आकाशाकडे पाहत राहतात. आकाश स्वच्छ असते. ज्या चांदण्या पाहून कवींना आनंद होतो, त्याच पाहून केळीवाल्याच्या पोटात गोळा उठतो. कारण ढग नाहीत म्हणजे पहाटे पारा आणखी उतरणार.

अशाच एका रात्री मोबाइलवर पारा १० दाखवत होता. अकरा वाजता तो ९ वर आला. आजोबांना त्या आकड्याची गरज नव्हती. त्यांनी बांधावरच्या गवतावर हात फिरवला आणि ते एवढेच म्हणाले, “आज झोपायचे नाही.”

कामे आधीच ठरलेली होती. विजेची पाळी रात्रीची होती, हे त्या दिवशी बरेच झाले. काकांनी पंप सुरू केला. हिवाळ्यात विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेहून उबदार असते. त्यावरून वाफ निघताना दिसते. ते बागेत खेळू लागले की जमिनीचा गारठा थोडा मोडतो. बागेच्या उत्तरेच्या कडेला शेवरीची दाट ओळ होती, ती वारा अडवीत होती. पण वारा नव्हताच. थंडी वरून उतरत होती. निसवलेल्या झाडांचे घड आईने आणि काकूने संध्याकाळीच वाळल्या पानांनी झाकून बांधले होते. राहिला होता तो विस्तव.

पहाटे तीन वाजता वडील आणि थोरली मुलगी बागेच्या कडेने निघाली. ठराविक अंतरावर वाळक्या काड्यांचे ढिगारे रचलेले होते, त्यांवर ओला पालापाचोळा टाकलेला होता. एकेक ढीग पेटत गेला. मोठा जाळ होऊ द्यायचा नाही, धुमसत ठेवायचा. भडकला तर वाळली पाने पेटून बागेचीच होळी व्हायची. म्हणून मुलीच्या हाती पाण्याची बादली होती. हळूहळू धूर पसरला आणि बागेवर त्याचे पांघरूण पडले. जाळाची थोडी ऊब आणि धुराचा थोडा आडोसा, यांनी हवा फार तर एखाद्या-दोन अंशांनी सुधारत असेल. पण ज्याला ८ आणि १० यांतील अंतर ठाऊक आहे, तो एका अंशासाठीही रात्रभर जागतो. त्या बागेवर सोसायटीचे कर्ज होते, आणि मुलीच्या पुढच्या वर्षीच्या शिक्षणाचा खर्चही तिच्यावरच होता. ही गोष्ट त्या वेळी दोघांपैकी कोणी बोलले नाही.

“बाबा, आत्याला आत्ता बरे वाटत असेल ना?” मुलीने विचारले.

“असेल. वाटू दे,” वडील म्हणाले. “तिकडचा गहू आपल्याही घरी येतो.”

अशा चार रात्री लागोपाठ गेल्या. दिवसा वेचणी, रात्री जागरण. आजोबांना धुराने खोकला झाला, काका पंपाशेजारी बसल्या बसल्या झोपले, आणि धाकटा मुलगा शाळेत बाकावर डोके टेकून निजला. त्याला उठवू नये इतके शहाणपण त्याच्या गुरुजींना होते, हे बरे झाले. पाचव्या दिवशी ढग आले, आणि रात्र उबदार झाली.

मकरसंक्रांत आली तेव्हा थंडीचा जोर ओसरला होता. आदल्या दिवशी भोगी. तिळाची बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा अशी सगळी नव्या हंगामाची भाजी एकत्र. थंडीच्या दिवसांत तीळ, गूळ, बाजरी यांसारखे उष्ण आणि स्निग्ध पदार्थ अंगी लागतात, हे आपल्या पूर्वजांनी नीट हेरले होते. दिवसभर गच्च्यांवर पतंगांची झुंबड. या बाबतीत खानदेश गुजरातचा शेजारी शोभतो. सायंकाळी आई आणि काकू हळदीकुंकवाला निघाल्या. फुटलेल्या बोटांना त्यांनी तेल लावले होते, आणि हातांत नव्या बांगड्या होत्या.

आत्या मुलांना घेऊन आली होती. तिने हिरव्या घाट्यांचा मोठा भारा आणला. मुले ते भाजून खाण्यात गुंतली, तेव्हा ती एकटीच भावाबरोबर बागेत गेली. बाग उभी होती. खालची पाने कडेने पिवळी पडली होती. पुष्कळ झाडांचे घड सुखरूप लोंबत होते. मात्र ओढ्याच्या बाजूच्या सखल पट्ट्यात, जेथे थंड हवा साचते, तेथील कित्येक झाडांचे घड खोडात अर्धवट अडकून वाकडेतिकडे झाले होते.

“किती गेले, दादा?” तिने विचारले.

“मोजले नाहीत अजून.”

आत्या काही बोलली नाही. पदराच्या टोकाला बांधलेला तिळगूळ तिने सोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. जाताना वडिलांनी तिच्या गाडीत केळीचा एक चांगला घड चढवला. ती नको नको म्हणत होती. पण माहेरचे नाकारता येत नाही.

संक्रांतीनंतर कापसाची शेवटची वेचणी झाली आणि शेत रिकामे करण्याचे काम निघाले. कृषिखात्याचे सांगणे असे, की गुलाबी बोंडअळी वाळल्या पऱ्हाट्यांतील बोंडांत दडून राहते आणि पुढल्या वर्षी पुन्हा पिकावर पडते. म्हणून काड्यांचे ढीग शेताजवळ ठेवू नयेत. काकांनी ते ऐकले, आणि यंत्र आणून पऱ्हाट्यांचा बारीक भुगा करून घेतला. आजीलाही त्यांनी ही सारी हकीकत समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. मग ज्या पऱ्हाट्यांवर एकही बोंड राहिलेले नाही अशा निवडून तिने त्यांचा एक भारा बांधला, आणि तो घरामागच्या छपराखाली नेऊन ठेवला. पुढल्या चंपाषष्ठीपर्यंत तो वाळून खडखडीत होईल.